पाण्याचा कस

शहापुरात आमच्या पेढीवर
सोनं घासून बघायचा काळा दगड आहे, आजोबांच्या वेळचा.
पाणी कशावर घासून बघतात
ते मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

डॉक्टर कट्टींची बदली बळ्ळारीला झाली,
पाटल्यांच्या घडणावळीत तीन हजार कमी पडले,
त्या बदल्यात ही काचेची पेटी आली.
दोन नारिंगी मासे, लाल पट्ट्याची एक कोळंबी.
“समुद्र आहे, जपा,” म्हणाले आणि गेले.
समुद्र. चोर्ल्याच्या अलीकडे.

नळाचं पाणी आधी बघितलं, राकसकोपचं.
झाकण उघडलं की दवाखान्याचा वास.
ईरण्णा हुक्केरीनं दुकानातूनच मान हलवली:
“नीरु सरी इल्ल, मामा.”
मासे तोवर त्याच्याकडे पाहुणे.

मग आमची विहीर.
हिच्या पाण्यात डाळ एका शिट्टीत शिजते
असं अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.
ईरण्णानं नळीत थेंब सोडले,
पिवळं, मग नारिंगी, मग कुंकवासारखं लाल.
“गटार जवळनं जातंय काय हो?”
अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

खराखुरा समुद्रही आणवला,
वेंगुर्ल्याहून, मासळीच्या टेम्पोतून, सहा कॅन.
आंबोलीच्या वळणांवर तो उन्हात शिजला असावा.
उघडला तर वर डिझेलची मोरपंखी साय
आणि असा वास की शेजारच्या तंगडे वहिनींनी
खिडकी लावून घेतली, ती अजून लावलेलीच आहे.

शेवटी ईरण्णाच्या यंत्रातलं पाणी.
एक बादली गाळायला तीन बादल्या मोरीत.
मीटर बुडवला: शून्य.
चव घेतली. जिभेला ते काही सांगतच नाही.
मला ओळखीचं वाटलं.
चोवीस कॅरेटही असंच असतं,
नुसतं बघायला ठीक, घडवायला गेलं की वाकतं.
त्यात दुसरं काही घालावंच लागतं, मापून.

मीठ दागिन्यांच्या काट्यावर तोललं.
लिटरला पस्तीस ग्रॅम,
म्हणजे जुन्या मापानं बरोबर तीन तोळे.
हसू आलं. इतकी वर्षं
मी समुद्राचाच हिशेब करत होतो म्हणायचा.

महिनाभर पाणी रिकामंच फिरवलं.
मासे घरी आले. कोळंबी दगडाखालून मिशा हलवायची
आणि मी कुलूप लावायचं सोडून बघत बसायचो.

पुढचं सांगताना अजून हात पुसावेसे वाटतात.
पाणी बदलायचा दिवस होता.
प्लास्टिकच्या बादलीत समुद्र कालवायचा
हे मला जरा हलकं वाटलं.
आईचा हंडा काढला,
चिंच लावून लखलखीत घासला,
रात्रभर त्यात ठेवलं, जसं आपण पितो तसं.

सकाळी पेटीत ओतलं. दुपारी कोळंबी आडवी.
माशांना काही नाही, ते आपले फिरतायत.

ईरण्णा आला, पुन्हा नळी, पुन्हा थेंब.
“कशात कालवलासा?”
मी हंड्याकडे बघितलं, मग बोटांकडे.
तांबं. सकाळ-संध्याकाळ जे मी सोन्यात घालतो,
ज्यावर आमचं घर चालतं.
तो नळी धुवत हळू म्हणाला,
“नीरु सरी इत्तु, मामा.
पाणी बरोबर होतं.”

रविवार पेठेतून निळं पिंप आणलं.
आता पेटीत हात घालण्याआधी
कोपरापर्यंत धुतो, नखंसुद्धा.
हंडा स्वयंपाकघरात आहे, आई त्यातलंच पिते,
चौऱ्याऐंशीची, शेंगदाणे फोडून खाते.

दुसरी कोळंबी आणली. चौथ्या रात्री
तीही तळाशी पडलेली दिसली, पारदर्शक, पाय वर.
मी खाली बसलो.
मग दगडामागून मिशा आल्या.
ते नुसतं कवच होतं, तिनं उतरवून ठेवलेलं.

उचललं, टिपलं, आजोबांच्या काट्यात ठेवलं.
गुंजभरही भरलं नाही.
वही उघडून बसलोय,
जमेच्या बाजूला लिहायचं की कसं.